सर्कलिप बसविणारे यंत्र : वेग की खात्री?

यंत्राच्या भागांची मोजदाद करताना जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, अशी एक वस्तू म्हणजे सर्कलिप. स्प्रिंगच्या पोलादाची, एका ठिकाणी तोंड उघडे असलेली ही कडी शाफ्टवरील किंवा छिद्राच्या आतील खाचेत बसते आणि बेअरिंग, गिअर अथवा पिन यांस जागेवरून हलू देत नाही. कित्येक इंजिनांत पिस्टनची गजन पिन अशाच दोन कड्यांनी अडविलेली असते. त्यांतील एक जरी निखळली, तरी पिन बाजूस सरकून सिलिंडरची भिंत खरवडून काढते. अल्प मोलाच्या कडीपायी सबंध इंजिन गमवावे लागते, आणि माल पुरविणाऱ्याची पतही.

ही कडी बसविणे दिसते तितके सोपे नाही. डीआयएन ४७१ या जर्मन मानकातील २५ मिलिमीटर शाफ्टचे उदाहरण घेऊ. कडीचा मोकळा आतील व्यास २३.२ मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, खाचेचा व्यास २३.९ व रुंदी १.३ मिलिमीटर. म्हणजे कडी २५ च्या किंचित पलीकडे फाकवावयाची आणि मग तिने आकुंचन पावून खाचेत शिरावयाचे. रुंदीत मोकळीक अवघी एक दशांश मिलिमीटर! पक्कड धरणारा हात दिवसअखेर थकतो व कडी गरजेहून अधिक फाकवितो. मर्यादेपलीकडे ताणलेले पोलाद पूर्वस्थितीवर येत नाही. अशी कडी बसल्यासारखी दिसते, परंतु तिची पकड गेलेली असते.

म्हणूनच यंत्राच्या रचनेत पक्कड नसून शंकू असतो. कड्या पेटीत मोकळ्या टाकल्यास त्यांची तोंडे एकमेकींत अडकतात. यास्तव त्या एका दांड्यावर चवडीने रचतात. सरकती पट्टी तळाची एकच कडी पुढे ढकलते. शाफ्टच्या टोकावर शंकू टेकतो, त्याचा रुंद भाग शाफ्टहून केसभर मोठा असतो. वरून येणारी नळी कडीस शंकूवरून खाली लोटते. कडी हळूहळू उघडते, शाफ्टवर उतरते आणि खाच येताच आत बसते. शंकूच्या व्यासाबाहेर ती फाकूच शकत नाही, हेच या युक्तीचे मर्म होय. छिद्रातील कडीसाठी उलट योजना असते : निमुळत्या नळीतून ती आवळत नेतात. ठोकून काढलेल्या कडीची एक कड गोल व दुसरी धारदार असते. धारदार कड खाचेच्या भिंतीकडे यावी, म्हणून चवड रचतानाच दिशा सांभाळावी लागते.

तथापि बसविणे हे अर्धेच काम झाले. कडी खरोखर बसली काय, हे यंत्रास कळले पाहिजे. शंकूवर चढताना लागणारा जोर वाढत जातो व कडी खाचेत शिरताच एकाएकी उतरतो. हा उतार योग्य ठिकाणी न आढळल्यास यंत्राने थांबावे. शिवाय नीट बसलेल्या कडीच्या तोंडातील अंतर न बसलेलीपेक्षा कमी असते. ते कॅमेऱ्याने मोजता येते. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. तत्त्व तेच : सदोष माल पुढे जाऊ न देणे.

ज्या सभासद बंधूंचे सुट्या भागांचे कारखाने आहेत, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. एकाच मापाचे सहस्रावधी नग नित्य निघत असतील, तर पूर्ण स्वयंचलित यंत्र परवडेल. मापे अनेक व नग थोडे असल्यास शंकू, नळी आणि साधा हातप्रेस पुरेसा होतो. कडी बेसुमार ताणली जाण्याचा धोका तेवढ्यानेही टळतो. यंत्र विकणारा ताशी किती नग निघतात हे आपण होऊन सांगेलच. आपण त्यास विचारावे : न बसलेली कडी आपले यंत्र कसे ओळखते? याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून सौदा पक्का करू नये.