नरक्या, कॅम्प्टोथेसिन आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

अमुक वनस्पतीतील घटक कर्करोगाची वाढ रोखतो, असे वृत्त छापून आले की रुग्ण वैद्यांकडे त्याविषयी विचारणा करू लागतात. बुलडाणा, खामगाव, मलकापूर, मेहकर येथील आमच्या वैद्यबंधूंनाही हा प्रश्न नवा नाही. असा घटक कोणत्या कसोट्यांतून जातो, हे ठाऊक असल्यावाचून त्याचे योग्य उत्तर देता येत नाही. म्हणून महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेल्या एका द्रव्याचा प्रवास येथे मांडत आहोत.

कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड प्रथम चीनमधील कॅम्प्टोथेका या वृक्षापासून वेगळे करण्यात आले. त्याची रचना १९६६ साली अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल व डॉ. मनसुख वाणी यांनी प्रसिद्ध केली. डॉ. वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागाचा गुण रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांवर पाहावयाचा आणि गुणकारी भागच पुढे शुद्ध करावयाचा, अशी त्यांची पद्धती होती. १९७२ साली मुंबईच्या सिबा संशोधन केंद्रातील डॉ. टी. आर. गोविंदाचारी व त्यांचे सहकारी यांना हेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात आढळले.

मनुष्यावरील पहिल्या चाचण्या मात्र निराशाजनक ठरल्या. द्रव्य पाण्यात विरघळत नसल्याने त्याचा सोडियम क्षार वापरला गेला. त्या रूपात रेणूतील लॅक्टोन वलय उघडते आणि गुण घटतो. शिवाय मूत्राशयातून रक्तस्राव व अस्थिमज्जेवर आघात असे उपद्रव झाल्याने चाचण्या थांबवाव्या लागल्या.

त्याची क्रिया १९८५ साली उलगडली. डीएनएचा पीळ सोडविताना टोपोआयसोमरेज-१ हे विकर त्याचा एक धागा क्षणभर तोडते व पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन ही जोडणी अडविते आणि वेगाने विभागणारी पेशी मरते. पुढे जपानमध्ये तयार झालेले इरिनोटेकॅन हे पाण्यात विरघळणारे रूप १९९६ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीचे औषध निष्फळ ठरलेले २७९ रुग्ण होते. इरिनोटेकॅन घेणाऱ्यांपैकी ३६.२ टक्के रुग्ण वर्षानंतर हयात होते, तर केवळ आधारभूत उपचार घेणाऱ्यांपैकी १३.८ टक्के.

याउलट हळदीतील कुर्कुमिनचे उदाहरण पाहावे. आतड्यात आनुवंशिक पॉलिप होणाऱ्या ५ रुग्णांना कुर्कुमिन व क्वेर्सेटिन एकत्र दिल्यावर पॉलिपची संख्या व आकार निम्म्याहून अधिक घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. परंतु ४४ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत रोज ३ ग्रॅम कुर्कुमिन वर्षभर देऊनही निष्क्रिय गोळीपेक्षा काहीही फरक दिसला नाही, असा निष्कर्ष २०१८ साली आला. हळदीचे शास्त्रोक्त गुण यामुळे उणे होत नाहीत. परंतु तिच्या भरवशावर कर्करोगाचा उपचार सोडावा, असा सल्ला देण्यास आधार राहत नाही.

आमच्या मते यातून वैद्यांनी तीन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. नरक्याचे चूर्ण वा काढा हे इरिनोटेकॅन नव्हे. त्याची मात्रा ठरविता येत नाही आणि त्याची विषाक्तता खरी आहे. शिवाय तोडीमुळे हा वृक्ष विरळ होत चालला आहे. दुसरे, इरिनोटेकॅन घेणाऱ्या रुग्णास तीव्र अतिसार होतो व रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. असा रुग्ण आल्यास स्तंभन औषधे देऊन वाट पाहत बसू नये. त्यास तत्काळ त्याच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. तिसरे, मलावाटे रक्त, मलप्रवृत्तीत नव्याने झालेला बदल, वजनात घट वा पांडुता आढळल्यास केवळ अर्श समजून चिकित्सा चालू ठेवू नये. गुदपरीक्षा करून रुग्णास कोलोनोस्कोपीसाठी पाठविणे, हे वैद्याचे कर्तव्यच होय. हा रोग वेळीच सापडल्यास शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.