पाखरे परतीला निघताना

शिमगा झाला की खटाव-माणाकडच्या तलावांचे पाणी भराभर ओसरू लागते. काठचा गाळ उघडा पडतो, कोणी तेथे गाळपेरही करतो. मुलांना परदेशी पाखरे दाखवायची असतील, तर गुरुजनहो, हेच दिवस साधा. चांद नदीवरचा मायणीचा तलाव इंग्रजी अमदानीतला. तो, तसेच येरळवाडी आणि सूर्याचीवाडी हे तलाव तुमच्या ऐकण्यात असतीलच. २०२१ साली मायणीला पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. येरळा इकडचे पाणी घेऊन सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळला कृष्णेस मिळते. तेव्हा विटा-तासगावच्या मंडळींनीही ही पाखरे परकी मानू नयेत.

आता सहलीत एक पाहुणा न बोलावता येतो. तो म्हणजे कुत्रा. शहरातली माणसे कुत्र्याला मुद्दाम फिरायला नेतात. आपल्याकडे पोरे निघाली की तो आपला आपण मागे लागतो. माझाही असाच एकदा आला. मी दुर्बीण डोळ्याला लावली न लावली, तोच हा गाळात धावला आणि सगळा थवा भुर्रकन उठला. मुलांनी टाळ्या पिटल्या. खरे सांगायचे तर मलाही ते दृश्य आवडले. बांधावर मेंढरे राखणारे एक म्हातारबाबा मात्र म्हणाले, "गुरुजी, कुत्र्याला दावं लावा. पाखरांची खायची येळ हाय."

बाबांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. त्या थव्यात छोटे टिलवे होते. टिलव्याचे वजन ते किती? मूठभर शेंगदाण्यांएवढे. एवढासा हा जीव उन्हाळ्यात अंडी घालायला पार उत्तरेला, सैबेरियाच्या टोकाकडे जातो. अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे जातात. सात हजार मीटरांच्याही वर ते उडाल्याची नोंद आहे. या वाटेची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी. तोळाभर पिठातून मिळते त्याच्या दुपटीहून जास्त शक्ती तोळाभर चरबीतून मिळते. म्हणून निघण्यापूर्वी पाखरू गाळातले किडे-अळ्या टिपून अंगावर चरबी चढवते. आपण एकदा उठवले, की खाणे थांबते आणि साठवलेले खर्चही होते. असे दिवसातून दहा वेळा झाले, तर शिदोरी भरायची कधी?

तुम्ही म्हणाल, साखळीला धरून नेले म्हणजे झाले. तेवढ्याने भागत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ काही रानवाटांवर साखळीला बांधलेली कुत्री फिरवून पाहिली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाखरांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी दिसली. ते रान होते, उघडा तलाव नव्हे. तरी उघड्यावर कुत्रा आणखी लांबून दिसतो, हे ध्यानात घ्या.

मग करायचे काय? कुत्र्याला घरीच बांधून यावे, हे उत्तम. आलाच तर बांधाच्या अलीकडे, पाण्यावरून दिसणार नाही अशा बाभळीखाली दावणीला बांधावा. त्याच्यापाशी एक मुलगा आणि चतकोर भाकरी ठेवावी. बाकीच्यांनी बांधाआड बसून पाहावे. चमच्यासारख्या चोचीचा थापट्या, नारिंगी अंगाचा चक्रवाक, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब, ही तीन ओळखली तरी पहिल्या दिवसाला पुष्कळ झाले. अर्ध्या तासाने राखणीचा मुलगा बदलावा, नाहीतर त्या बिचाऱ्याची सहल बाभळीखालीच संपायची.

परतताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर पाऊल तेथेच थांबवा. खड्यांच्या रंगाची तिची अंडी जवळपास उघड्यावरच असतात. मुलांना आल्या पावली मागे फिरवा आणि कुत्र्याचे दावे आखूड धरा.