काखेत कळसा…

“वहिनी, माणसंच मिळत नाहीत हो!” शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणारे आमच्या ओळखीचे एक कारखानदार परवा सांगत होते. आणि त्याच आठवड्यात, बी.ई. मेकॅनिकल होऊन वर्ष झालेली एक मुलगी आमच्या मंडळात आली. म्हणाली, “काकू, इथं नोकरीच नाही. पुण्याला जाऊ का?” गंमत म्हणजे दोघंही एकाच हातकणंगले तालुक्यातले! त्याला इंजिनिअर हवा, हिला नोकरी हवी आणि दोघांची गाठ काही पडत नाही.

खरं तर आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्याला ना कारखाने नवे, ना कॉलेजं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती १९१० मध्ये. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ पासूनचं, इचलकरंजीच्या राजवाड्यात डीकेटीई सुरू झालं १९८२ मध्ये. पुढच्याच वर्षी वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि तालुक्या-तालुक्याला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. मग अडतं कुठे?

मी बी.ए. झालेली बाई. मला यंत्रातलं काही कळत नाही. पण मुलींच्या निमित्ताने दोन-तीन कॉलेजांत जाणं होतं, तिथल्या ‘टीपीओं’शी, म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसरशी बोलणं होतं. त्यातून प्लेसमेंटचं गणित थोडंफार समजलं. शेवटच्या वर्षाचं सातवं सत्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं आणि मोठ्या कंपन्या तेव्हाच दारात उभ्या राहतात. ॲप्टिट्यूड टेस्ट, ग्रुप डिस्कशन, मग मुलाखती. साठ टक्के हवेत, बॅकलॉग नको, अशा अटी. बऱ्याच कॉलेजांत एकदा निवड झाली की पोराला दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसता येत नाही. आणि आमचे छोटे कारखानदार कधी जातात? तर मे-जूनमध्ये, हाताखालचा माणूस सोडून गेला की! तोवर हुशार पोरं आयटीच्या यादीत गेलेली, उरलेली पुण्याच्या कॉट बेसिसवर.

बरं, आयटीची ऑफर म्हणजे नोकरी पक्की असंही नाही. २००८-०९ च्या मंदीत मुलं ऑफर लेटर घेऊन घरी बसली होती. २०२२ ला पास झालेल्या कित्येकांना तर रुजू व्हायला दोन-दोन वर्षं वाट बघावी लागली. त्या काळात घरात काय वातावरण असतं, ते आयांनाच विचारा. मुलगी असेल तर तेवढ्यात स्थळं बघायला सुरुवात झालेली असते.

कारखानदारांची आणखी एक तऱ्हा म्हणजे त्यांना माणूस ‘अनुभवी’च हवा. आता पहिल्या दिवसापासून आपल्या घरची आमटी जमणारी सून कुठल्या सासूला मिळाली आहे? ओट्याशी शेजारी उभं करून शिकवावंच लागतं की!

आमच्या मंडळाच्या खजिनदार ताईंनी नेमकं हेच केलं. त्यांच्या यजमानांचं पंपाचे सुटे भाग बनवायचं लहानसं वर्कशॉप आहे. हिशोब ताई बघतात. त्यांच्याकडे एक वही असते, गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाची. ती दर महिन्याला चार पानं भरायची. कास्टिंगला भोकं पडतात, माप चुकतं, माल परत. ताई ती वही पर्समध्ये टाकून थेट कॉलेजच्या मेकॅनिकल विभागात गेल्या. “सर, तुमची मुलं शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करतात ना? मग हा करा की.”

विभागप्रमुख खूश झाले. बरीच मुलं प्रोजेक्ट पुण्यातून विकत आणतात, ही त्यांची जुनी डोकेदुखी. एक मुलगा आणि एक मुलगी, अशी जोडी ठरली. तेव्हा ताईंचे यजमान म्हणाले, “मुलगी नको, आपल्याकडे बायकांसाठी बाथरूम नाही.” १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नयेत’ असं छापलं होतं आणि तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आपल्या सुधा मूर्ती, यांनी जेआरडींना पोस्टकार्ड लिहिलं होतं, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. पन्नास वर्षांनी पोस्टकार्डाऐवजी गवंडी बोलवावा लागला, एवढाच फरक! पंधरा दिवसांत बाथरूम झालं.

मग मुलीच्या घरची अडचण. वडील म्हणाले, “पोरगी वर्कशॉपात? लोक काय म्हणतील?” ताईंनी तिच्या आईलाच चहाला बोलावलं, सगळं शॉप फिरवून दाखवलं, कोण कुठे बसतं, सुटायची वेळ काय, येणं-जाणं कुणाबरोबर, सगळं. आईने होकार दिला. माझं तर मत झालंय की आमच्या भागात मुलीची निम्मी मुलाखत तिच्या आईचीच घ्यावी लागते. त्यात चिडण्यासारखं काही नाही.

वर्षभर दोघं दर शनिवारी येत होती. वाळूचा ओलावा, साच्याची हवा जायची वाट, असलं काहीबाही मोजत बसायची. जुने कारागीर आधी हसले. एक मेस्त्री मात्र त्या मुलीला हाताने वाळू दाबून ओल ओळखायला शिकवू लागले, आणि ती त्यांना तेच आकड्यात मांडून दाखवू लागली. ताईंची वही आता महिन्याला दीड पानात आवरते.

प्रोजेक्ट संपल्यावर तो मुलगा बंगळूरला गेला. मुलगी ॲप्रेंटिस म्हणून राहिली. ही सोय बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगते. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा, पदवी-डिप्लोमावाल्यांना त्यात १९७३ मध्ये आणलं. वर्षभर शिकाऊ म्हणून ठेवायचं, विद्यावेतन द्यायचं, आणि ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी किमान आकडा महिना नऊ हजार होता. तीस किंवा अधिक माणसं असतील तर शिकाऊ घेणं बंधनकारक झालं, पण चार माणसांच्या वर्कशॉपलाही ते घेता येतात. नोंदणी ऑनलाइन होते आणि कॉलेजचे टीपीओ मदत करतात.

आता थोडं कडू बोलते. शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे. इंजिनिअर मुलीला वर्षभर पॅकिंगला बसवणारे महाभाग आम्ही पाहिलेत. “घरी राहते, घरचं जेवते, मग पगार कशाला एवढा?” असं म्हणणारेही पाहिलेत. अहो, पगार कामाचा असतो, जेवणाचा नसतो! मूळ मार्कशीट अडकवून ठेवायची खोडही वाईट. असं झालं की ती पोरगी जाते आणि कॉलेजात पाठच्या दोन बॅचना सांगून जाते. मग पुन्हा आहेच, “माणसं मिळत नाहीत.”

कॉलेजंही आता कारखान्यांची वाट बघताहेत. तंत्रशिक्षण बघणाऱ्या एआयसीटीईने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात इंटर्नशिपला गुण ठेवले, तेव्हापासून टीपीओ जागा शोधत फिरतात. त्यात मुलींची संख्या वाढायची चिन्हं आहेत. २०२४ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक शिक्षणाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. या मुली चार वर्षांनी पास होऊन बाहेर पडणार. त्या सगळ्या काही हिंजवडीत मावणार नाहीत, आणि सगळ्यांच्या आई-वडिलांना त्यांना लांब पाठवायचं असेल असंही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी वर्कशॉप आहे, लूम आहे, डेअरी आहे. यजमानांना, दिरांना कॉलेजात जायला वेळ नसतो. तुम्ही जा. आधी टीपीओंना भेटा, मग विभागप्रमुखांना. घरच्या धंद्यातली एक खरी अडचण सांगा, एखादा दिवस मुलांना कारखाना बघायला बोलवा. तुमच्या मेस्त्रींना कॉलेजात तासभर बोलायला पाठवा, मुलं तोंडात बोट घालून ऐकतात. पण हे सगळं जूनमध्येच करायला हवं, कारण प्रोजेक्टचे विषय जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात.

ती मुलगी आता ताईंच्या वर्कशॉपात क्वालिटी बघते, पगारावर. यंदा कॉलेजात मुलं निवडायला ताईंबरोबर तीच जाणार आहे. ताईंनी नवी वही घातली आहे, या वेळी वीजबिलाची, आणि त्यासाठी त्यांना इलेक्ट्रिकलची मुलगी हवी आहे. बाथरूम तयार आहे, असं त्या हसत सांगतात.