ग्रंथालयाचा हक्क आणि कुटुंबाची साक्षरता

परळच्या चाळीत राहताना सुभेदार रामजी सकपाळ भीमरावांच्या पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित लेकींकडून उसने पैसे आणीत. अशी तळमळ पुष्कळ घरांत असते. पुस्तके विकत घेण्याची ऐपत मात्र थोड्यांचीच. ही उणीव सार्वजनिक ग्रंथालय भरून काढते. १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालयेही होती.

त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला; परंतु २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हाच तो हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये गावोगावच्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान मिळते. तेथे सभासद होणे ही आपली ओंजळ होय, असे आम्ही मानतो.

वसतिगृहातील मूल सुटीत जिते परिसरातील आपल्या घरी जाते. त्याने ग्रंथालयातील पुस्तक मोठ्याने वाचावे, निरक्षर आजीने ऐकावे, आईने अडलेला शब्द विचारावा, वडिलांनी बोट ठेवून एक ओळ वाचावी. एकाच्या नावावर आणलेले पुस्तक असे साऱ्या घराचे होते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी नजीकच्या ग्रंथालयात आपले नाव नोंदवावे, ही आमची विनंती आहे.