दोन गुंठ्यांचें अरण्य आणि तें मोजणारीं माणसें

मृग नक्षत्र लागलें कीं गांवोगांवीं वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. पाहुणे येतात, कुदळ हातीं धरतात, छायाचित्र निघतें आणि चहापान होऊन मंडळी घरोघर जातात. नव्याचे नऊ दिवस सरले म्हणजे त्या रोपट्यास पाणी कोणीं घातलें, तें जगलें कीं मेलें, याची चौकशी करण्यास कोणी फिरकत नाहीं. पुढल्या वर्षीं त्याच खड्ड्यांत दुसरें रोप लागतें. हें चित्र वाचकांच्या पूर्ण परिचयाचें आहे. आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें याच्या अगदीं उलट रीतीविषयीं. म्हणजे झाडें लावून झाल्यावर वर्षानुवर्षें तीं मोजीत बसणाऱ्या सामान्य माणसांविषयीं.

शहरांतील चिमुकल्या अरण्यांची ही कल्पना मूळची जपानांतील. आकिरा मियावाकी (१९२८-२०२१) हे योकोहामा येथील राष्ट्रीय विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. तरुणपणीं जर्मनींत राइनहोल्ड ट्युक्सेन या शास्त्रज्ञापाशीं शिकत असतां एक प्रश्न त्यांच्यापुढें आला: मनुष्यानें एखाद्या भूमीस हात लावलाच नसता, तर तेथें कोणतें रान वाढलें असतें? स्वदेशीं या प्रश्नाचें उत्तर त्यांना शिंतो देवळांभोंवतीं पिढ्यान् पिढ्या राखलेल्या रायांत सांपडलें. आम्हां महाराष्ट्रीयांस ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाहीं. सह्याद्रींतील आपल्या देवराया त्याच जातीच्या. १९७० नंतरच्या दशकांत वर्तक व माधव गाडगीळ यांनीं या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हां भोळ्या भाविकांनीं देवाच्या धाकानें जें राखलें तें किती मोलाचें होतें, हें सुशिक्षितांच्या लक्षांत आलें.

मियावाकींची कृति थोडक्यांत अशी. प्रथम भूमि खोलवर भुसभुशीत करून तींत शेणखत, पाचोळा, भुसा मिसळावयाचा. मग त्या प्रदेशांतीलच, लहान-मोठ्या उंचीच्या अनेक जातींचीं रोपें एकमेकांत मिसळून, दर चौरस मीटरास सुमारें तीन इतक्या दाटीनें लावावयाचीं. वर पेंढ्याचें जाड पांघरूण. दोन-तीन वर्षें पाणी व निंदणी करावयाची आणि मग रान रानावर सोपवून माणसानें बाजूस व्हावयाचें. दाटीमुळें प्रत्येक रोप उजेडासाठीं वर धांवतें; म्हणून अशी राई झपाट्यानें उंच होते.

ही विद्या जपानांतून हॉलंडांत गेली ती आपल्या देशावरून, हें विशेष. बंगळूरनजीकच्या टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत मियावाकी असें रान लावण्यास आले असतां तेथील शुभेंदु शर्मा नांवाच्या तरुण इंजिनिअरानें त्यांच्या हाताखालीं काम केलें, आणि २०११ सालीं नोकरी सोडून हाच व्यवसाय पत्करला. त्यांच्या साह्यानें २०१५ सालीं हॉलंडांतील झांडाम गांवीं तेथल्या निसर्गशिक्षण संस्थेनें पहिलें चिमुकलें अरण्य लावलें. पुढें मार्च २०२० मध्यें इंग्लंडांत ऑक्सफर्डशायर परगण्यांतील विटनी गांवीं 'अर्थवॉच' या संस्थेनें टेनिसच्या मैदानाएवढ्या जागेंत, म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें दोन गुंठ्यांत, ६०० झाडें लावलीं. त्यानंतर ब्रिटनमध्यें अशीं दोनशेंहून अधिक रानें उभीं राहिलीं.

तथापि आमचें लक्ष वेधलें तें लावणीनें नव्हे, तर पुढल्या कामानें. या प्रत्येक रानाभोंवतींच्या वस्तींतील शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी व पेन्शनर मंडळींकडे ठराविक प्रश्न सोंपविलेले असतात. पहिला, झाडांनीं हवेंतील कर्बद्विप्राणिद वायु किती शोषला? त्यासाठीं खोडाचा घेर व झाडाची उंची मोजतात. दुसरा, पावसाचें पाणी जमिनींत किती वेगानें मुरतें? त्यासाठीं मातींत कडें रोवून त्यांत मापानें पाणी ओततात व घड्याळ लावून बसतात. तिसरा, उन्हाळ्यांत रानांत व रानाबाहेर हवा किती उष्ण आहे, आणि उभ्या माणसास ती कशी वाटते? चौथा, फुलपाखरें, मधमाशा, गांडुळें, गोगलगाई, भुंगेरे यांपैकीं कोण कोण राहावयास आलें? या प्रश्नांस वेधशाळा नको. फीत, घड्याळ, थर्मामीटर, वही आणि चिकाटी एवढें पुरें.

कोणी म्हणेल, हें काम पंडितांचें. पोरांच्या व म्हाताऱ्यांच्या आंकड्यांवर भरंवसा काय? शंका योग्य आहे. परंतु एक प्राध्यापक दोनशें ठिकाणीं दर ऋतूंत जाऊं शकत नाहीं. दोनशें वस्त्या मात्र आपापल्या दारचें पाहूं शकतात. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत रॉबर्ट मार्शम नांवाच्या जमीनदारानें १७३६ सालीं वसंताच्या खुणा टिपण्यास आरंभ केला: पहिलें फूल कधीं उमललें, कोणत्या झाडास पालवी कधीं फुटली, कोणता पक्षी कधीं परतला. त्याच्या मागें त्याच्या वंशजांनीं तें टिपण १९५८ पर्यंत चालविलें. एकाच कुटुंबाची दोनशें वर्षांहून जुनी ही वही हवामानांतील बदलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांस पुढें फार उपयोगी पडली. ज्या घरांत आजोबा, मुलगा व नातू एका छपराखालीं नांदतात, त्या घरास याहून सोईचें शास्त्रकार्य कोणतें?

आतां चुकीविषयीं. शंभर माणसांच्या मोजणींत एकाची चूक विरून जाते हें खरें. पण सगळेच एकाच दिशेस चुकले तर ती चूक विरत नाहीं, उलट ती सत्याचा वेष घेते. हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. शिकलों मात्र घरीं. तो प्रसंग आमच्या फजितीचा आहे, तरी सांगतों.

आमच्या आळीच्या टोंकास एका मोकळ्या जागेंत चार वर्षांपूर्वी रहिवाशांनीं असेंच दाट रान लावलें. तें आतां डोक्याच्या बरेंच वर गेलें आहे. गेल्या फाल्गुनांत तें काढून तेथें वाहनांसाठीं छप्पर बांधावें असा विचार निघाला आणि सभा भरली. आम्ही बोलावयास उठलों. चाळीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय. शब्दास शब्द लागत गेला आणि "या राईनें आपली आळी दहा अंशांनीं थंड केली आहे" असें वाक्य तोंडून निघून गेलें. टाळ्याही पडल्या. तेव्हां मागून एक तरुण इंजिनिअर नम्रपणें म्हणाले, "गुरुजी, आपण मोजलेंत का?" आम्ही खालीं बसलों. तेवढा एक प्रश्न आम्ही आयुष्यभर मुलांस विचारीत आलों होतों.

घरीं आल्यावर आमची नात म्हणाली, "आजोबा, आपण खरंच मोजूं या ना!" दुसऱ्या दिवशीं दोन थर्मामीटर आणले. पहिल्या दुपारीं आमचे दहा अंश जवळ जवळ भरले आणि आम्ही मनांत खूष झालों. परंतु पोरगी चिकित्सक. तिनें दाखविलें कीं रानांतील थर्मामीटर सावलींत होता आणि रस्त्यावरचा उघड्या उन्हांत भिंतीस टेकलेला. म्हणजे आम्ही हवा मोजली नव्हती, तापलेली भिंत मोजली होती. मग दोन्ही थर्मामीटर एकाच उंचीवर, भिंतीपासून दूर, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या आडोशाखालीं, हवा खेळेल असे टांगले. त्याआधीं ते एकाच पाण्यांत बुडवून दोघांचा आंकडा एक येतो कीं नाहीं हेंही पाहिलें. सारा चैत्र आम्हीं नोंदी घेतल्या. भर दुपारींही फरक दोन अंशांच्या आंतच राहिला; पहाटे तर तो नव्हताच म्हटला तरी चालेल.

पुढल्या सभेंत आम्हीं उभें राहून मागचें विधान परत घेतलें. तें सुखाचें नव्हतें. राईच्या बाजूच्या कांहीं मंडळींस राग आला; "गुरुजी, आपणच आपल्या हातानें खटला हरवलात" असें एकजण म्हणाले. पण नातीच्या वहींत दुसरी एक नोंद होती. शेजारच्या तुडविलेल्या मैदानांत रोवलेल्या कड्यांतील पाणी आमची गीतेची पोथी अर्धी वाचून होईतों तसेंच उभें होतें. रानांतल्या कड्यांतील पाणी अध्याय संपण्यापूर्वीं मुरून गेलें. दर पावसाळ्यांत ज्यांच्या घरांत गुडघाभर पाणी शिरतें त्या खालच्या आळीच्या लोकांनीं ही नोंद पुनःपुन्हां वाचून घेतली. छपराचा निर्णय एक वर्ष पुढें ढकलण्यांत आला आहे. रान राहील कीं जाईल हें ठरलेलें नाहीं. पण आतां वाद आंकड्यांवर होतो, आवाजावर होत नाहीं.

म्हणून अशा रानांची स्तुति करितांना तोल सांभाळावा. हॉलंडांत वागेनिंगेन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं स्वयंसेवकांसह ११ चिमुकल्या रानांचा कांहीं वर्षें अभ्यास केला. तेथील एक रान वर्षास सरासरी सव्वाशे किलोंच्या सुमारास कर्बद्विप्राणिद शोषतें असें आढळलें. एक लिटर पेट्रोल जाळल्यानें हाच वायु सुमारें २.३ किलो निघतो. भागाकार केला तर दोन-अडीच गुंठ्यांच्या रानाची वर्षाची कमाई म्हणजे पन्नास-पंचावन्न लिटर पेट्रोल! एक रान लावून आपल्या मोटारीचें पाप फिटलें असें मानणारानें हा हिशेब जरूर करावा. अशा रानाचा खरा लाभ शेजारास मिळतो: मुरणारें पाणी, जवळची सावली, आणि जेथें चिमणीसही आसरा नव्हता तेथें आलेले जीव. दुसरें असें कीं, ही पद्धति दमट वनप्रदेशांत जन्मली. आपल्या दख्खनच्या पठारावरील कित्येक उघडीं माळरानें हीं मूळचींच गवताचीं आहेत. त्यांवर माळढोक, काळवीट यांसारखे प्राणी जगतात. तेथें दाट झाडी लादणें हा उपकार नव्हे, अपकार होय.

वाचकांच्या घरीं हें कार्य सुरू करण्यास रान हवेंच असें नाहीं. अंगणांतील एक आंबा, शाळेसमोरील एक करंज पुरे. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीपाशीं, खोडावर रंगाची बारीक खूण करावी आणि दर वर्षीं त्याच दिवशीं, त्याच खुणेवर घेर मोजावा. घेरास ३.१४ नें भागिलें कीं व्यास येतो. पालवी, मोहोर, फळ यांची दर आठवड्यास नोंद ठेवावी. भारतांत 'सीझनवॉच' हा उपक्रम नागरिकांच्या व शाळकरी मुलांच्या अशाच नोंदी एकत्र करतो. केरळांतील शाळांनीं त्यांत मोठा वाटा उचलला आहे. महाराष्ट्रांतील शाळांनीं मागें कां राहावें? नियम तीनच: जें दिसलें तेंच लिहावें, जें दिसलें नाहीं तें "दिसलें नाहीं" म्हणून लिहावें, आणि आंकडा मनाविरुद्ध आला तरी खोडूं नये.

यंदाच्या पाडव्यास आमच्या वहीचें दुसरें वर्ष लागलें. नात आतां कॉलेजासाठीं परगांवीं जाईल. तिचा धाकटा चुलतभाऊ फीत धरावयास शिकला आहे. वहीच्या पहिल्या पानावर तिनें आमचे ते दहा अंश लिहून त्यावर एकच आडवी रेघ मारली आहे, आंकडा वाचतां येईल अशी. ती रेघ तशीच राहूं द्यावी, असें आम्हीं घरांत सर्वांस सांगून ठेवलें आहे.