पाढे कच्चे, आकाश पाठ!

कॅरोलाइन हर्शेलला पाढे कधीच पाठ झाले नाहीत. गुणाकार आला की जवळचा पाढ्यांचा कागद काढायचा. आणि याच बाईने रात्री टिपलेल्या निरीक्षणांची किचकट आकडेमोड वर्षानुवर्षं केली, खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडच्या नावाजलेल्या तारासूचीतून सुटलेले पाचशेहून जास्त तारे हुडकले आणि १७९८ मध्ये त्यांची यादी छापून आणली!

जन्म जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, १७५० चा. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि उंची सव्वाचार फुटांवरच थांबली. हिचं लग्न काही जमायचं नाही, असं घरच्यांनी धरूनच टाकलं. आईने तिला घरकामाला जुंपलं. १७७२ मध्ये भाऊ विल्यम तिला इंग्लंडला बाथमध्ये घेऊन गेला, तो गाणं शिकवायला. ती मैफलींत गाऊही लागली. पण विल्यमला दुर्बिणींचं वेड लागलं आणि गाणं मागे पडलं.

दुर्बिणीचा धातूचा आरसा ओतायचा साचा चक्क घोड्याच्या लिदीचा! कॅरोलाइन ती लीद खलात कुटायची, चाळणीने चाळायची. विल्यम आरसा घासायला बसला की तासन्‌तास हात उचलता येत नसे. मग ती त्याला घास भरवायची.

३१ डिसेंबर १७८३ ची रात्र वाचून अंगावर काटा येतो. फूटभर बर्फातून धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या यंत्रणेतला लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. तिला सोडवताना मांसाचा लचका आकड्यालाच राहिला. तिला समाधान कशाचं? नंतर रात्रभर ढग होते, त्यामुळे भावाचं निरीक्षण बुडालं नाही!

तिला नुसती भावाची मदतनीस म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. १ ऑगस्ट १७८६ ला विल्यम जर्मनीत असताना तिने एकटीने धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत असे आठ! शेवटचा दिसला तेव्हा जेमतेम तासभर झोपून, घोड्यावर मांड टाकून ती बातमी द्यायला थेट ग्रिनिचच्या वेधशाळेत गेली.

१७८७ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने तिला वर्षाला ५० पौंड पगार बांधून दिला. स्वतःचे म्हणता येतील असे तिच्या हाती आलेले हे पहिले पैसे.

९७ वर्षं जगली. १८२८ मध्ये लंडनच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं. ते मिळवणारी दुसरी स्त्री व्हेरा रुबिन, थेट १९९६ मध्ये. मधल्या १६८ वर्षांत त्या तोलाची एकही बाई झाली नाही, हे मी तरी मानणार नाही.