ट्राउटचा जवळा

डेन्व्हरहून डोंगरात निघालेली आपली मंडळी सिल्व्हरथॉर्नच्या आउटलेट मॉलला हमखास थांबतात. मॉलच्या अगदी बाजूने ब्लू नदी वाहते. ऐन जानेवारीतही तिथे कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं दिसतात. वेडी वाटतात खरी, पण त्यामागे एक भलताच किस्सा आहे.

वर डिलन धरण आहे, १९६३ साली बांधून झालेलं. तिथल्या माशांना खाद्य म्हणून १९७० मध्ये मायसिस नावाचा कोळंबीच्या कुळातला जीव सोडला. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा आरपार, काळे डोळे तेवढे दिसतात. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर जवळाच. कॅनडातल्या कूटने तलावात १९४९ साली मायसिस सोडल्यावर मासे चांगले पोसले होते. पण तिथे प्रवाह मायसिसला वर उथळ पाण्यात आणून सोडतो. इतर तलावांत ती दिवसा तळाशी दडते, अंधारात वर येते, आणि नजरेने शिकार करणाऱ्या माशांच्या तोंडी लागत नाही. उलट पिल्लं ज्या सूक्ष्म जीवांवर जगतात, तेच ती फस्त करते. मॉन्टानातल्या फ्लॅटहेड तलावात १९८०च्या दशकात याच पायी कोकनी सामन संपले, आणि ते खायला शेकड्यांनी जमणारे गरुडही पांगले. एका मशीनवर चाललं म्हणजे सगळीकडे चालेल असं नसतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

गंमत पुढे आहे. धरणाचं पाणी तळातून सोडतात, त्याबरोबर मायसिस नदीत येते. अर्धमेली, हळूहळू दुधासारखी पांढरी पडणारी. खाली ट्राउट आ वासून तयारच! फ्रायिंगपॅन नदीवर रुडी धरणाखालीही हाच प्रकार. वर फसलेला बेत खाली फळला. मात्र फार खालपर्यंत नाही. २०१६ मध्ये सिल्व्हरथॉर्नच्या उत्तरेकडच्या पट्ट्याचा ‘गोल्ड मेडल’ दर्जा राज्याने काढून घेतला, गावातला तेवढा राहिला.

गावात खरं आमिष चालत नाही. बारीक १८ नंबरच्या गळावर पांढरा धागा आणि पिसांचे तंतू गुंडाळायचे, डोळ्यांना काळा ठिपका, झाला जवळा. स्कड नावाचा दुसरा भाऊबंदही बांधतात. दुकानातले स्कड कायम आकड्यासारखे वाकवलेले असतात. जिवंत स्कड पोहताना सरळ होतो, हे बांधणारे विसरतात. फ्लाय ओढायची नाही, पाण्याच्या वेगानेच वाहू द्यायची. दोरीचा जरा ताण पडला की ट्राउट तोंड फिरवतो. खरी मायसिस मेल्यावर पोहत थोडीच असते?

पकडलेला ट्राउट इथे सोडावाच लागतो. आमच्या आईला हे अजिबात पटत नाही. “अरे, मग थंडीत कुडकुडायला जातोस कशाला?” सोडणंही नीट जमायला हवं: गळाचा उलटा काटा आधीच चपटा करायचा, हात ओले ठेवायचे, मासा शक्यतो पाण्यातच. चार मित्रांसोबत फोटो होईपर्यंत त्याला हवेत धरणारे लोक बघितले की मी आईच्या बाजूने होतो. त्यापेक्षा तळून खाल्लेला परवडला.

परवाना १६ वर्षांपासून पुढे लागतो, ऑनलाइन मिळतो.